तक्रारीत जे लिहिलं नव्हतं

महाडच्या एका केमिकल कारखान्यात मी चौदा वर्षं नोकरी केली. कारखान्याचं नाव इथे घेत नाही. त्याच्यावर खटला चालू आहे आणि त्या खटल्यात मीही आहे, साक्षीदार म्हणून आणि आरोपी म्हणूनही.

माझं काम सोपं होतं. कारखान्यातून बाहेर पडणारं सांडपाणी आधी एका प्लँटमध्ये शुद्ध करायचं आणि मगच सोडायचं, असा नियम. सोडण्याआधी त्या पाण्याची बाटली भरून लॅबमध्ये आणायची, तपासायची, जो आकडा येईल तो रिपोर्टात लिहायचा आणि खाली सही करायची. ती सही माझी. पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीतून बी.एस्सी. झालेला मी पहिलाच, त्यामुळे आईला माझ्या सहीचं फार कौतुक. ती कुणालाही सांगायची, "त्याच्या सहीबिगर तिथलं पानी हालत नाय."

पहिला खोटा आकडा मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लिहिला. पाणी नियमात बसत नव्हतं. मॅनेजरनी रिपोर्ट बघितला, परत माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "पुन्हा तपासा." मी पुन्हा तपासलं. तेच आलं. ते तितक्याच शांतपणे म्हणाले, "पुन्हा तपासा." तिसऱ्या वेळी मी बाटलीत निम्मं नळाचं पाणी घातलं. आकडा बसला. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. त्यानंतर मला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. पहिले काही महिने वाईट वाटायचं, मग तेही वाटेनासं झालं.

प्लँटवर एक ऑपरेटर होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, गळ्यात तुळशीची माळ, दहावी नापास. त्याची वाडीही पोलादपूरकडेच, पण नदीच्या पलीकडच्या अंगाला. दुपारी आम्ही कँटीनमध्ये बरोबर जेवायचो. तो नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी आणायचा. माझ्या डब्यात मासे असले की टेबलाच्या टोकाला सरकून बसायचा, पण टेबल सोडून जायचा नाही. तो मला साहेब म्हणायचा, मी त्याला दादा. बाटलीत मी काय करतो ते त्याला ठाऊक होतं. त्याबद्दल एकदाच बोलला. "साहेब, तुमी पास केलेलं पानी मी माज्या जनावराला पाजनार नाय." एवढं बोलून पुन्हा जेवायला लागला.

महाडच्या २०२१च्या महापुराच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. श्रावणातली दुपार होती, पाऊस थांबायला तयार नव्हता आणि प्लँटच्या टाक्या काठापर्यंत भरल्या होत्या. मॅनेजर छत्री घेऊन आले आणि ऑपरेटरला म्हणाले, "बायपासचा वॉल्व्ह उघड." म्हणजे न शुद्ध केलेलं पाणी थेट ओढ्यात, ओढ्यातून नदीत. तो नाही म्हणाला. दोन्ही हात जोडून नाही म्हणाला. मॅनेजरनी त्याला शिफ्ट संपायच्या आधीच घरी पाठवलं आणि स्वतः वॉल्व्हला हात घातला. गंजलेला होता, अर्धवट फिरून अडकला. मग त्यांनी मला हाक मारली. आम्ही दोघांनी मिळून तो पूर्ण उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या अंगाच्या एका गावातली माणसं घमेल्यांतून मेलेले मासे घेऊन गेटवर आली. एका बाईच्या दोन म्हशी ओढ्याचं पाणी पिऊन मेल्या होत्या. ती दोन्ही दावी हातात धरून गेटसमोर बसून होती.

चौकशी बसली. मॅनेजरच्या केबिनमध्ये माझ्यापुढे टाइप केलेला कागद आला. शिफ्ट सोडताना ऑपरेटरने निष्काळजीपणे वॉल्व्ह उघडा ठेवला आणि हे मी स्वतः पाहिले, असं त्यात होतं. मी सही केली. मग त्याला आत बोलावून तो कागद वाचून दाखवला. तो मॅनेजरकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"साहेब, तुमी बघितलंत?" त्याने विचारलं.

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणालो, "हो."

त्याने वहाणा केबिनबाहेर काढून ठेवल्या होत्या, त्या घातल्या आणि गेला. मुलीचं शिक्षण, लॅब इन्चार्जची रिकामी जागा, ही कारणं मी तेव्हा स्वतःला सांगितली. खरं कारण एकच होतं. त्या वॉल्व्हवर माझेही हात होते.

लॅब इन्चार्जची जागा मला मिळाली. डबा मी लॅबमध्ये खायला लागलो. त्याच्याबद्दल कानावर यायचं ते तुकड्यातुकड्यांनी: नोकरी गेली, कुणी कामावर घेत नाही, मुंबईला गेला, कुठल्याशा सोसायटीत वॉचमन आहे. ज्या गावातले मासे आणि म्हशी मेल्या तिथे त्याच्या बायकोचं माहेर होतं, हे मला बरंच नंतर कळलं.

मग तो जुलै आला. महाडात पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं आणि त्याच पावसात तळीये गावावर डोंगर खचून आला. त्या दिवसांबद्दल मला काही सांगायचं नाही, ज्यांचं गेलं त्यांनीच ते सांगावं. पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी मी चिखलातून कारखान्यात पोचलो. आमचा प्लँट उंचावर होता, टाक्यांना पाणी लागलंही नव्हतं. मॅनेजर म्हणाले, "टाक्यांतलं पाणी पुरात वाहून गेलं असा रिपोर्ट करा." आणि दुपारी दोन पंप लावून त्या टाक्या ओढ्यात रिकाम्या करायला सुरुवात झाली.

मी ओढ्याच्या कडेने खाली चालत गेलो. का गेलो ते आजही नीट सांगता येत नाही. दोन मैलांवर बायका नदीत उभ्या राहून घरातला चिखल धूत होत्या. पातेली, पाट, पोरांची दप्तरं. एकीने भरलेली कळशी कमरेवर घेतली. पिण्यासाठी, की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही. मी म्हणालो, "हे पाणी घेऊ नका." ती म्हणाली, "मग कुठलं घेऊ, दादा?"

मी परत गेलो. चालू पंपांचे फोटो काढले, बाटल्या भरल्या, त्यांच्यावर खरी वेळ लिहिली. आठ दिवसांनी प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने. खोट्या आकड्यांबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल, पुरानंतरच्या पंपांबद्दल सगळं लिहिलं. श्रावणातल्या त्या दुपारबद्दल लिहिलं नाही.

तपासणी झाली. बाटल्यांनी माझी बाजू धरली. कारखाना काही महिने बंद राहिला आणि कंत्राटावरची माणसं घरी बसली. त्यांतले कितीतरी माझ्याच भागातले. चहाच्या टपरीवर मी गेलो की बाक रिकामा व्हायचा. एक जण, जो माझ्या मुलीच्या साखरपुड्यात वाढपी म्हणून राबला होता, रस्त्यात थांबून म्हणाला, "इतकी वर्षं खाल्लंत, आनि पोट भरल्यावर आमचं ताट उलटं केलंत." घरमालकाने खोली सोडायला सांगितली.

बायको भांडली नाही. तिने फक्त विचारलं, "बोलायचंच होतं, तर आधी का नाही बोललात?" ती मुलीकडे पनवेलला गेली. म्हणाली, थोडे दिवस जाते.

त्याच सुमारास खालच्या गावाने माझा सत्कार ठेवला. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. शाल दिली, नारळ दिला. सरपंच म्हणाले, असा एक माणूस तरी निघाला. मग मागे बसलेली एक बाई उठली. मी तिला ओळखलं. दावी घेऊन गेटसमोर बसलेली तीच.

"यांनी लय चांगलं केलं," ती म्हणाली. "पन त्यो वॉल उघडा टाकून गेलेला, आमच्या गावचा जावई, त्याचं वाटोळं झालं का नाय? त्याच्या बायकोला आमी दारात घेत नाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला तिथेच सांगता आलं असतं. मी खांद्यावरची शाल नीट केली आणि खाली बसलो. टाळ्या झाल्या.

त्यानंतर मी वाडीवर राहायला गेलो. आईबाप कधीच गेले होते, घराला कुलूप होतं. वाडीत तीस उंबरे, त्यांतल्या सात घरांत चूल पेटत होती. बाकीची माणसं मुंबईला. तळीयेनंतर तर मुलांनी म्हाताऱ्यांनाही उचलून नेलं, कारण आमच्याही डोक्यावर तसाच डोंगर आहे. सकाळी अंगण झाडायचं, भात टाकायचा, मग संध्याकाळपर्यंत काही नाही. फोनला रेंज फक्त वरच्या खडकावर यायची. मी तिथे जाऊन बसायचो आणि कुणाला फोन लावावा ते सुचायचं नाही.

देवीच्या देवळाशेजारी गुरवबाबा राहायचे. ऐंशीच्या घरातले, त्यांच्या घरात पूजा पिढ्यान्‌पिढ्या. मुलगे मुंबईला, गुडघे गेलेले. एक दिवस त्यांनी मला ओट्यावरून हाक मारली.

"तुला येळ हाय ना रे? मग देवीला रोज एक कळशी पानी आनत जा. वड्याचं नको, वरच्या झऱ्याचं. आंघोळ करून जायाचं."

देवावर माझा विश्वास नव्हता आणि अविश्वासही नव्हता. ते आईचं खातं होतं. मी हो म्हणालो, कारण दिवसात एक काम झालं असतं. झरा वर अर्ध्या तासाच्या चढावर. मी रोज जायला लागलो. कळशी नेऊन दिली की बाबा विचारायचे, "झऱ्याचं ना?" मी हो म्हणायचो. ते देवीला स्नान घालायचे, आणि देवीला वाडीचं गाऱ्हाणं घालायचे. मुंबईला गेलेल्या एकेका घरासाठी बोलायचे: लेकराबाळांना सांभाळ, वाटेत राख. माझंही नाव घ्यायचे. माझं नाव घेतलं की मी बाहेर बघायचो. हिवाळा, उन्हाळा असाच गेला.

पाऊस लागल्यावर चढ निसरडा झाला. एका सकाळी धुकं इतकं की पाऊलभर पुढचं दिसेना, पायाला जळवा चढलेल्या. मी अर्ध्यातून फिरलो, खाली ओढ्यावर आलो, गढूळ प्रवाहाच्या कडेचं त्यातल्या त्यात निवळ पाणी कळशीत भरलं आणि देवळात गेलो.

"झऱ्याचं ना?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी ते पाणी देवीवर घातलं. तोंडाने गाऱ्हाणं चालू होतं. काळ्या दगडावरून पाणी खाली आलं आणि तिच्या पायाशी चिखलाची बारीक रेघ राहिली. बाबांना दिसत नव्हतं, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला दिसत होतं. कुणी मॅनेजर समोर नव्हता, नोकरी नव्हती, मुलीचं लग्न झालेलं, मला कसली म्हणून भीती नव्हती, आणि तरी माझ्या तोंडून तोच शब्द तितक्याच सहज निघाला होता. मी खांबाला टेकून खाली बसलो.

"काय झालं रे?"

"बाबा, पाणी ओढ्याचं आहे."

ते थांबले. मग मी सगळं बोललो. बाटली, वॉल्व्ह, कागदावरची सही, तो माझ्याकडे बघत होता ते, शाळेतल्या टाळ्या. किती वेळ बोललो कुणास ठाऊक. रडलो की नाही तेही आठवत नाही. बाबा ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी रिकामी कळशी माझ्याकडे सरकवली.

"जा, झऱ्याचं घेऊन ये."

मी गेलो. तोच चढ, तेच धुकं. वर जाताना मला पहिल्यांदा असं वाटलं की मी एकटा नाही. कुणीतरी मला आतून-बाहेरून बघितलंय, माझं सगळं त्याला ठाऊक आहे, आणि तरी त्याने मला हाकलून दिलेलं नाही, पुन्हा पाणी आणायला पाठवलंय. याहून जास्त मला सांगता येत नाही. माझी श्रद्धा म्हणतात ती एवढीच आहे आणि ती त्या दिवसापासून आहे.

बाबांनी देवीला पुन्हा स्नान घातलं. मग ओले हात पुसत म्हणाले, "ह्ये हितलं झालं. देवीला तर आधीच ठाऊक व्हतं. आता ज्यास्नी ठाऊक नाय त्यास्नी जाऊन सांग."

मी आधी महाडला गेलो आणि तपास अधिकाऱ्यांपुढे नवा जबाब दिला. माझा वकील म्हणाला होता, हे लिहून दिलंत तर तुम्हीच आत जाल. लिहून दिलं. आरोपींच्या यादीत माझं नाव चढलं. मग खालच्या गावात गेलो आणि शाल सरपंचांना परत दिली. म्हशीवाल्या बाईच्या ओट्यावर उभा राहून तिला सांगितलं. तिने पुरतं ऐकून घेतलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. तिचं दार माझ्यासाठी आजही बंद आहे. त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

ऑपरेटर मुंबईला होता. तो शिमग्याला वाडीवर येणार हे कळल्यावर मी थांबलो, कारण त्याच्या वाडीची सगळी माणसं तेव्हा गावात असतात. होळीच्या आदल्या दिवशी सकाळी मी नदी ओलांडून त्याच्या अंगणात गेलो. तो पालखीची दांडी पुसत बसला होता. केस पांढरे झालेले, वॉचमनच्या नोकरीने पाठ वाकलेली. मला बघून उठला नाही.

"दादा, मी त्या दिवशी काही बघितलं नव्हतं," मी म्हणालो. "वॉल्व्ह मी उघडला. मॅनेजरसाहेबांनी आणि मी."

तो दांडी पुसतच राहिला. पुसता पुसताच म्हणाला, "मला काय सांगता? मला त्या दिवशीच म्हाईत व्हतं." मग त्याने घराकडे मान वळवली. "तिला सांगा. साडेतीन वर्सं ती म्हायेराला गेली नाय. आई वारली तरी लांबूनच बघून आली."

त्याची बायको दारात उभी होती. मी तिला सांगितलं. तिने पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, "मी यांना रोज विचारायची, खरंच तुमच्या हातून झालं नाय ना? मला माज्या नवऱ्याची खात्री नव्हती, भाऊ." हे ऐकून तो दांडी खाली ठेवून उठला आणि गोठ्यामागे निघून गेला. मला वाटतं, तिने असा संशय धरला होता हे त्याला त्या दिवशी नव्याने कळलं असं नाही. पण दुसऱ्या माणसासमोर ते बोललं गेलं.

संध्याकाळी वाडी देवळात जमली. मुंबईहून आलेली पोरं, म्हातारे, बायका. त्याने गावकारांना, म्हणजे वाडीच्या प्रमुखांना, सांगितलं, "यांना बोलायचंय." मी देवासमोर उभा राहून बोललो. कुणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, "आता कशापायी सांगतोस? केशीत सुटायला?" मी म्हणालो, "नाही, याने मी केसमध्ये अडकलोय." तो म्हणाला, "बरं." मग माणसं पालखीच्या तयारीला लागली.

निघताना ऑपरेटर बांधापर्यंत आला. "माफी म्हनाल तर माज्याकडं नाय," तो म्हणाला. "विठ्ठलाला रोज मागतो, मन मोठं कर. अजून नाय झालं. पन तुमी आलात, ते मी इसरनार नाय."

मी हो म्हणालो आणि नदी ओलांडून घरी आलो.

गुरवबाबा पुढच्या थंडीत गेले. त्यांच्या मुलांनी किल्ली माझ्याकडे ठेवली. पूजेचा मान त्यांचाच, सणाला ते येतात, एरवी पाणी आणि दिवा मी बघतो. गाऱ्हाणं मला त्यांच्यासारखं येत नाही. मी साध्या भाषेत बोलतो, एकेका बंद घराचं नाव घेतो. बायको गौरी-गणपतीला येऊन आठ दिवस राहिली. परत जाताना म्हणाली, "आता तुमच्या घरात झोप लागते." राहायला येईन असं म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. एकटेपणा गेलेला नाही. पावसात दोन-दोन दिवस माणसाचा आवाज कानावर पडत नाही. पण पूर्वी मी चारचौघांत बसूनही जितका एकटा होतो, तितका आता नाही.

मागच्या तारखेला आम्हा दोघांनाही महाडच्या कोर्टात बोलावलं होतं. तो मुंबईहून आदल्या दिवशी वाडीवर आला होता. सकाळी पोलादपूरच्या स्टँडवर मला दिसला. आम्ही एकाच एसटीत चढलो. तो माझ्यापुढे दोन सीट सोडून बसला, वाटेत एकदाही वळला नाही. महाड आलं, माणसं उतरली. मी सगळ्यांच्या शेवटी उतरलो. तो खाली फलाटावर पिशवी हातात घेऊन उभा होता.

"चला," तो म्हणाला. "उशीर व्हईल."